अतींद्रिय हेरगिरीची कीर्द आणि खतावणी

अतींद्रिय शक्तीच्या बळावर शत्रूच्या गुपितांचा ठाव घेता येतो की नाही, या प्रश्नावर जेवढी शाई खर्ची पडली तिच्या दशांशही शाई त्या वादाच्या हिशेबवहीवर पडलेली नाही. एका पक्षाने आश्चर्यकारक रीतीने खऱ्या ठरलेल्या वर्णनांचे दाखले द्यावेत आणि दुसऱ्याने निसर्गनियमांचा आधार घेऊन असे काही संभवतच नाही म्हणावे, अशीच ही चर्चा चालत आली. परंतु एकूण किती वर्णने नोंदली गेली, ती केव्हा नोंदली गेली, वर्णन करणाऱ्याला व ते करवून घेणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक होते, आणि वर्णन बरोबर की चूक हे कोणी व कशाशी ताडून ठरवले, हे तपशील हाती नसतील तर दोन्ही पक्षांचे बोलणे सारखेच अधांतरी राहते. पेढीवर पूर्वी रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. व्यवहार जसा घडेल तसा, त्याच दिवशी, त्याच क्रमाने कीर्दीत चढवला जाई आणि तेथे खाडाखोड चालत नसे. मग त्या नोंदी खात्यावार खतावणीत उतरत आणि कोण देणेकरी, कोण घेणेकरी हे तेथे दिसे. अतींद्रिय हेरगिरीच्या मूल्यमापनासाठी डेटाबेस कसा रचावा हा प्रश्न मुळात या दोन वह्या वेगळ्या ठेवण्याचा आहे, आणि अमेरिकेने या विषयावर वीस वर्षांहून अधिक काळ पैसा खर्च करूनही तो निकालात निघाला नाही याचे मोठे कारण असे की तेथे खतावण्या पुष्कळ तयार झाल्या, कीर्द मात्र धडपणे कधी लिहिलीच गेली नाही.

या प्रयोगांचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९७२ साली कॅलिफोर्नियातील मेनलो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये हॅरल्ड पुटॉफ आणि रसेल टार्ग या दोन लेझर-भौतिकीतज्ज्ञांनी सीआयएच्या पैशातून चाचण्या सुरू केल्या. दूरच्या, डोळ्यांआड असलेल्या स्थळाचे केवळ मनाने वर्णन करण्याच्या कथित क्षमतेला त्यांनी ‘रिमोट व्ह्यूइंग’ असे नाव दिले. मराठीत ‘दूरदर्शन’ हा शब्द दुसऱ्याच यंत्राने अडवून ठेवलेला असल्याने येथे ‘दूरस्थ दर्शन’ असा पर्याय वापरलेला आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लष्कराने मेरीलँडमधील फोर्ट मीड येथे स्वतःचे पथक उभारले, त्याची नावे ‘ग्रिल फ्लेम’, ‘सेंटर लेन’, ‘सन स्ट्रीक’ अशी बदलत गेली आणि अखेरचे ‘स्टारगेट’ हे नाव सर्वतोमुखी झाले. १९९५मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेकडून सीआयएने आढावा करवून घेतला आणि कार्यक्रम बंद पडला. तोवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले होते. या सर्व काळात दोन दप्तरे समांतर वाढत होती. प्रयोगशाळेच्या दप्तरात लक्ष्ये ठरलेली, निकाल ठाऊक आणि आकडेमोड भरपूर होती, पण त्या लक्ष्यांमध्ये हेरखात्याला काडीचाही रस नव्हता. फोर्ट मीडच्या दप्तरात खरीखुरी लक्ष्ये होती, पाणबुड्या, ओलीस, अपहृत अधिकारी, परंतु तेथे तुलनेसाठी दुसरे काहीच ठेवलेले नव्हते. एकीकडे सांख्यिकी होती आणि उपयोग नव्हता, दुसरीकडे उपयोगाची अपेक्षा होती आणि सांख्यिकी नव्हती, आणि ही दोन दप्तरे एकाच रचनेत बांधण्याचा प्रयत्न गांभीर्याने झाला नाही.

कीर्दीत काय काय उतरले पाहिजे हे सर्वांत स्पष्टपणे दाखवून देणारी घटना न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी घडवली. टार्ग आणि पुटॉफ यांनी पॅट प्राइस यांच्यावर केलेल्या एका मालिकेत नऊ स्थळे होती. एक चमू प्रत्येक चाचणीत एका स्थळी जाई, प्राइस प्रयोगशाळेत बसून त्या स्थळाचे वर्णन करीत, आणि शेवटी त्रयस्थ परीक्षक ती नऊ वर्णने व नऊ स्थळे यांच्या जोड्या लावी. नऊपैकी सात जोड्या पहिल्याच पसंतीला बरोबर लागल्या, आणि नुसत्या दैवावर सोडले तर नऊपैकी सरासरी एकच जोडी जुळते हे लक्षात घेता निकाल थक्क करणारा होता. डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन यांनी मूळ प्रतिलेख, म्हणजे बोलण्याच्या लेखी प्रती, मिळवून वाचल्या तेव्हा त्यांना दिसले की त्यांत ‘काल पाहिलेली स्थळे’ अशा प्रकारचे उल्लेख राहून गेले होते, काही पानांवर तारखा होत्या, आणि परीक्षकाला स्थळांची यादी भेटीच्या क्रमानेच देण्यात आली होती. स्थळे न पाहता केवळ या खुणांवरून त्यांना जोड्या लावता आल्या. त्यांच्या स्वतःच्या पस्तीस चाचण्यांमध्ये, जेथे अशा खुणा नव्हत्या, यश आले नाही. १९७८ साली हे ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे चार्ल्स टार्ट यांच्यासह मूळ प्रयोगकर्त्यांनी खुणा काढून टाकल्याचे सांगून पुन्हा परीक्षण करवले आणि तेच यश मिळाल्याचा दावा केला, त्यावर मार्क्स यांनी खुणा अजूनही शिल्लक असल्याचे उत्तर दिले, आणि वाद १९८६पर्यंत रेंगाळला.

या वादात कोण जिंकले यापेक्षा तो होऊच कसा शकला हे अधिक बोधक आहे. प्रतिलेखातील कोणते वाक्य परीक्षकापर्यंत पोचले, कोणते गाळले, गाळण्याचा निर्णय कोणी व निकाल पाहण्यापूर्वी की नंतर घेतला, यांची नोंद त्या काळी ठेवलीच गेली नव्हती, म्हणून दोन्ही बाजूंना पुढील आठ वर्षे कागद उकरत बसावे लागले. म्हणून अशा डेटाबेसमधील पहिला तक्ता वर्णनांचा नसून माहितीच्या वाटचालीचा असला पाहिजे: लक्ष्याविषयी कोणत्या माणसाला कोणत्या क्षणी काय ठाऊक होते, वर्णन करणारा, त्याला प्रश्न विचारणारा, टंकलेखक, परीक्षक आणि अहवाल वाचणारा अधिकारी या प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र नोंद, प्रत्येक नोंदीला वेळेचा शिक्का, आणि एकदा पडलेल्या ओळीत दुरुस्तीऐवजी खाली नवी ओळ जोडण्याची सक्ती. संगणकाच्या परिभाषेत याला ‘केवळ भर घालता येणारी नोंदवही’ म्हणतात, पंचनाम्याची शिस्त तीच आहे. हे किचकट वाटते, पण १९९५च्या आढाव्यात फोर्ट मीडच्या कामाविषयी जे दोष निघाले ते नेमके याच तक्त्याच्या अभावी निघाले: वर्णन करणाऱ्यांना लक्ष्याची बरीचशी पार्श्वभूमी आधीच मिळालेली असे, आणि त्यांचे अहवाल ज्ञात पार्श्वभूमीशी जुळतील अशा रीतीने बदलले गेल्याची उदाहरणे आढळली. मूळ शब्द आणि संस्कारित शब्द एकाच रकान्यात, एकावर एक लिहिले गेले की नंतर त्यांना वेगळे करणारे कुणी उरत नाही.

दुसरा प्रश्न वर्णन मोजण्याचा. ‘जवळपास पाणी आहे, काहीतरी उंच आणि धातूचे दिसते, माणसांची ये-जा आहे’ असे वर्णन बंदराला लागू पडते, वीजकेंद्राला पडते, साखर कारखान्यालाही पडते. तेव्हा ते किती अंशी बरोबर आले यापेक्षा ते किती ठिकाणी बरोबर आले असते हे आधी ठरवावे लागते. संख्याशास्त्रज्ञ याला ‘मूळ प्रमाण’ म्हणतात: एखादे वैशिष्ट्य लक्ष्यांच्या एकंदर संचात मुळातच किती वारंवार येते ते प्रमाण. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली हे आश्चर्य मानायचे की नाही, हे त्या झाडाच्या फांद्या दिवसातून किती वेळा तुटतात आणि कावळे किती वेळा बसतात यावर अवलंबून असते; काकतालीय न्यायाची हीच सांख्यिक बाजू आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात १९७९मध्ये रॉबर्ट जान यांनी स्थापलेल्या प्रयोगशाळेने या दिशेने महत्त्वाचे पाऊल टाकले. तेथे प्रत्येक स्थळासाठी आणि प्रत्येक वर्णनासाठी त्याच तीस प्रश्नांची उत्तरे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी भरली जात, स्थळ घराबाहेरचे आहे का यांसारखे साधे प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला त्याच्या मूळ प्रमाणानुसार भार दिला जाई, म्हणजे सर्वत्र आढळणारी गोष्ट सांगितल्याचे गुण कमी आणि दुर्मीळ गोष्ट सांगितल्याचे जास्त. वर्णनाचा मोकळा ओघ रकान्यांत ओतण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्याबरोबर एक अडचण आली: तीस उत्तरे कोण भरणार? ती स्थळी गेलेल्या आणि निकालाची ओढ असलेल्या माणसानेच भरली, आणि आजूबाजूच्या अनेक गोष्टींपैकी कशाकडे पाहायचे हे त्याच्यावर सोडले, तर दर्शन करणारा व पाहणारा या दोघांच्या सामाईक सवयीही जुळणी म्हणून मोजल्या जातात. वसंत ऋतूत दोघेही फुलांचा विचार करतात आणि हिवाळ्यात दोघांनाही बर्फ सुचते, हे सांगायला कोणतीही अतींद्रिय शक्ती लागत नाही.

याच प्रयोगशाळेतील एक निष्कर्ष या सगळ्या साहित्यात विशेष प्रांजळ म्हणावा लागेल. पंचवीस वर्षांत जमा झालेल्या ६५३ चाचण्यांचा आढावा ब्रेंडा डन आणि जान यांनी २००३ साली प्रसिद्ध केला, आणि त्यात त्यांनी स्वतःच नोंदवले की विश्लेषणाची पद्धत जसजशी अधिक काटेकोर व गुंतागुंतीची होत गेली तसतसा परिणाम ओसरत गेला. त्यांनी याचा अर्थ असा लावला की माहितीचे स्वरूप आणि तिची अनिश्चितता यांच्यात काही मूलभूत परस्परपूरक नाते असावे आणि काटेकोरपणाच त्या सूक्ष्म क्रियेला मारक ठरत असावा. अधिक साधा अर्थ असा की चाळणीची भोके बारीक झाली तेव्हा कोंडा वरच राहिला. दोन्ही अर्थ त्याच आकड्यांतून निघतात, पण पहिला अर्थ स्वीकारला तर कोणतीही पडताळणी कधीच प्रतिकूल ठरू शकत नाही, आणि जी तपासणी हरूच शकत नाही तिच्या जिंकण्याला अर्थ उरत नाही.

स्टॅनफर्डच्या संस्थेत एडविन मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात याहून सुबक पद्धत आणली. गणितज्ञ लोट्फी झादे यांनी १९६५ साली मांडलेल्या ‘धूसर संच’ या कल्पनेचा आधार घेऊन त्यांनी लक्ष्याच्या व वर्णनाच्या प्रत्येक घटकाला शून्य ते एक यांच्या दरम्यान मूल्य दिले, कारण एखाद्या छायाचित्रात पाणी ‘आहे’ किंवा ‘नाही’ इतकेच नसते, ते कोपऱ्यात असते किंवा चित्रभर असते. मग दोन गुणोत्तरे काढली जात. ‘अचूकता’ म्हणजे लक्ष्यात जे होते त्यापैकी किती भाग वर्णनात आला, आणि ‘विश्वसनीयता’ म्हणजे वर्णनात जे आले त्यापैकी किती भाग लक्ष्यात खरोखर होता. समजा लक्ष्याचे वीस घटक आहेत, वर्णनात दहा आले आणि त्यांतील सहा जुळले, तर अचूकता ०.३, विश्वसनीयता ०.६, आणि दोहोंचा गुणाकार ०.१८; या गुणाकारालाच ते अंतिम गुणांक मानीत. गुणाकार घेण्यात शहाणपण आहे, कारण जगातील सर्व गोष्टींची यादी वाचून दाखवणाऱ्याची अचूकता पूर्ण होते पण विश्वसनीयता कोसळते, आणि एकच निश्चित गोष्ट सांगून गप्प बसणाऱ्याचे उलट होते. ग्रंथालयशास्त्रात शोधयंत्रणेचे मूल्यमापन याच दोन प्रमाणांनी करतात. मात्र ०.१८ हा आकडा स्वतः मुका आहे. तेच वर्णन दुसऱ्या चार लक्ष्यांवर लावून पाहिल्याशिवाय तो मोठा की लहान हे कळत नाही, आणि हेरखात्याच्या दृष्टीने सर्व घटक समान किमतीचे नसतात: अपहृत अधिकारी ज्या खोलीत आहे तिचा रंग अचूक सांगितला आणि शहर चुकले तर गुणांक बरा दिसेल आणि माणूस सापडणार नाही.

तुलनेसाठी लागणारी ही दुसरी लक्ष्ये म्हणजे ‘फसवे पर्याय’. प्रयोगशाळेत परीक्षकासमोर एक खरे आणि चार फसवी अशी पाच छायाचित्रे ठेवून वर्णनाशी जुळण्याच्या क्रमाने त्यांना स्थान द्यायला सांगत. केवळ योगायोगाने खऱ्याचे सरासरी स्थान तिसरे येते, आणि तीनपासून खाली किती घसरण झाली त्यावरून परिणामाचे मोजमाप होते. ही पद्धत मूळ प्रमाणाचा प्रश्न एका फटक्यात सोडवते, कारण वर्णनातील सर्वसामान्य गोष्टी पाचही चित्रांना सारख्याच लागू पडतात. प्रत्यक्ष कामगिरीत हे कुणी केले नाही, आणि अशक्य म्हणून केले नाही असेही म्हणता येत नाही. १७ डिसेंबर १९८१ रोजी इटलीतील वेरोना येथून अमेरिकी ब्रिगेडियर जनरल जेम्स डोझियर यांचे ‘रेड ब्रिगेड्स’ या दहशतवादी संघटनेने अपहरण केले तेव्हा फोर्ट मीडच्या पथकाला त्यांचा ठावठिकाणा शोधायला सांगितले गेले, आणि अखेर २८ जानेवारी १९८२ला इटालियन पोलिसांनी पादुआ येथील एका सदनिकेतून त्यांची सुटका केली. त्या बेचाळीस दिवसांतील प्रत्येक वर्णन सीलबंद ठेवून, सुटकेनंतर त्याच भागातील अशाच आणखी चार इमारतींच्या तपशिलांबरोबर अनभिज्ञ परीक्षकांपुढे ठेवता आले असते. खर्च नगण्य झाला असता. पण असे करायचे तर अहवाल येताक्षणीच त्याच्या भावी चाचणीची तजवीज करावी लागते, आणि कामगिरीच्या धामधुमीत असणाऱ्या अधिकाऱ्याला अहवाल कामाला येतो की नाही एवढेच हवे असते.

पडताळणीचा रकाना हा अशा डेटाबेसचा सर्वांत कच्चा दुवा असतो, कारण तेथे ‘खरे’ आणि ‘खोटे’ या दोन नोंदींखेरीज ‘अजून ठाऊक नाही’ ही तिसरी नोंद सर्वांत मोठी असते आणि ती कालांतराने एकाच दिशेने रिकामी होत जाते. जुलै १९७४मध्ये प्राइस यांना सोव्हिएत संघातील सेमिपलातिन्स्कजवळच्या एका गुप्त आवाराचे केवळ अक्षांश-रेखांश देण्यात आले, आणि त्यांनी रुळांवर चालणाऱ्या एका प्रचंड यारीचे असे चित्र काढले की उपग्रहाच्या छायाचित्रातील यारीशी त्याचे साम्य आजही वाचकाला चकित करते. त्याच आवारातील इतर बांधकामांचे त्यांचे वर्णन बऱ्याच अंशी छायाचित्रांशी जुळत नव्हते. आत मोठाले पोलादी गोल जोडले जात असल्याचेही त्यांनी सांगितले होते, आणि १९७७ साली एका विमानविषयक अमेरिकी साप्ताहिकात तशा गोलांचा उल्लेख आल्यावर, प्राइस यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ती बाब ‘खरी ठरली’ म्हणून जमेच्या बाजूला गेली. प्रश्न असा की ‘चुकली’ म्हणून खर्चाच्या बाजूला कोणती बाब केव्हा जाणार होती? दाव्याला मुदत नसेल तर तो हरण्याची वेळ कधीच येत नाही. जिंकण्याची मात्र रोज येऊ शकते. यावर उपाय साधा आहे आणि तो नोंद करतानाच करावा लागतो: प्रत्येक विधानाबरोबर ते कशामुळे खोटे ठरेल आणि कोणत्या तारखेपर्यंत न ठरल्यास ते ‘अनिर्णित’ म्हणून बंद होईल, हे लिहून ठेवणे. सरकारी कागदपत्रांत अंतिम तारखांची कमतरता कधीच नसते. येथे तेवढी एक अंतिम तारीख नव्हती.

छेदात काय धरायचे हे आधी ठरवले की निकाल किती लवकर स्पष्ट होतो, याची उदाहरणे या विषयाच्या कडेला बरीच आहेत. मार्च १९३२मध्ये विख्यात अमेरिकी वैमानिक लिंडबर्ग यांच्या लहानग्या मुलाचे अपहरण झाल्यानंतर हार्वर्डच्या मानसशास्त्रीय चिकित्सालयातील हेन्री मरे आणि डी. आर. व्हीलर यांनी वृत्तपत्रांतून आवाहन करून लोकांची त्यासंबंधीची स्वप्ने मागवली, आणि मुलाचा मृतदेह सापडण्यापूर्वीच तेराशेहून अधिक स्वप्ने त्यांच्या हाती होती. मूल मेलेले असल्याचे त्यांतील सुमारे पाच टक्के स्वप्नांत होते, आणि मृत्यू, पुरलेला देह व झाडांमधील जागा हे तिन्ही तपशील एकत्र असलेली स्वप्ने चार होती. ती चारच स्वप्ने कुणी प्रसिद्ध केली असती तर त्यांनी महिनाभर वृत्तपत्रे गाजवली असती. तेराशेंच्या सोबत ठेवली की ती विरघळतात.

महाराष्ट्रात याच जातीचा एक प्रयोग झाला आहे आणि रचनेच्या दृष्टीने तो फोर्ट मीडच्या सर्व दप्तरांपेक्षा उजवा आहे, जरी त्याचा विषय हेरगिरी नसून फलज्योतिष होता. २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर बौद्धिक दृष्ट्या अक्षम मुलांच्या अशा दोनशे कुंडल्या जमवल्या, आणि कुंडलीवरून मूल कोणत्या गटातले हे ओळखण्याचे आव्हान ज्योतिष्यांना दिले. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या; उत्तर फक्त दोनपैकी एक; म्हणून मूळ प्रमाण निम्मे, आणि त्यात वाद घालायला जागा नाही. एक्कावन्न जणांनी कुंडल्या मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली, आणि त्यांची सरासरी चाळीसपैकी १८.४ म्हणजे ४६ टक्के आली. एका ज्योतिष संस्थेने दोनशेही कुंडल्या तपासून १०२ बरोबर दिल्या. येथे प्रशंसनीय काय असेल तर एक्कावन्न आणि सत्तावीस हे दोन्ही आकडे नोंदलेले असणे, कारण उत्तर न पाठवणारे चोवीस जणही हिशेबात येतात. एवढे मात्र खरे की दोन पर्यायांच्या प्रश्नात मावणारा दावाच असा तपासता येतो. ‘मोठ्या इमारतीजवळ कोंडलेला माणूस दिसतो’ या वाक्याला दोन पेट्यांत बसवणे ही निराळी कसरत आहे.

१९९५च्या आढाव्यात संख्याशास्त्रज्ञ जेसिका उट्स आणि मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांनी प्रयोगशाळेतील तेच आकडे पाहून परस्परविरुद्ध मते दिली, यावरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की येथे आकडे कुचकामी आहेत. वस्तुतः दोघांत आकड्यांवर फारसा मतभेद नव्हता. योगायोगापेक्षा जास्त काहीतरी दिसते हे हायमन यांनीही नाकारले नाही. त्यांचा आक्षेप नोंदवहीवर होता: अलीकडच्या चाचण्यांत वर्णने जुळवणारा परीक्षक एकच होता आणि तो स्वतः कार्यक्रमाचा प्रमुख होता, त्यामुळे ‘परीक्षक’ या रकान्यातील फरकाचा परिणाम वेगळा काढण्याची सोयच नव्हती. उट्स यांना परिणामाचे सातत्य पुरेसे वाटले, हायमन यांना ते कशाचे सातत्य आहे हे सांगता येत नव्हते. दोन परीक्षक एकमेकांना नकळत तेच वर्णन तपासतात आणि त्यांची मते किती जुळतात हेही साठवले जाते, एवढी एक सोय पहिल्या वर्षापासून असती तर हा वाद अर्ध्या पानात मिटला असता. हायमन यांच्या बाजूने झुकते माप द्यावे लागते ते याचसाठी, निसर्गनियमांच्या नावाने नव्हे. त्याआधी १९८८ साली नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या ज्या समितीने लष्करासाठी अशा सर्व तंत्रांचा आढावा घेऊन प्रतिकूल मत दिले तिचे अध्यक्ष जॉन स्वेट्स होते, हा योग लक्षणीय आहे, कारण गोंगाटातून संकेत ओळखण्याच्या क्षमतेला ‘ओळखले’ आणि ‘उगाच ओळखले’ या दोन प्रमाणांनी एकत्र मोजण्याची पद्धत मानसशास्त्रात रुजवणाऱ्यांपैकी ते एक होते.

येथवर अतींद्रिय दाव्यांना लावलेली ही शिस्त सामान्य हेरगिरीला लावली तर काय दिसेल, हा प्रश्न हेरखात्यांना सोयीचा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने रूढ केलेल्या पद्धतीत स्रोताच्या भरवशाला इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या सहा अक्षरांपैकी एक, आणि माहितीच्या संभाव्यतेला १ ते ६ असे अंक देतात, ही चांगली सुरुवात होती, पण ते अंक पुढे निकालाशी ताडून पाहण्याची सवय फारशी लागली नाही. १९५१ साली युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाचे आक्रमण होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असे अमेरिकी गुप्तवार्ता-अंदाजात लिहिले गेले. सीआयएचे शर्मन केंट यांच्या मनात तिचे प्रमाण शंभरात पासष्ट होते, पण त्याच मजकुरावर सही करणाऱ्या सहकाऱ्यांना विचारले तेव्हा उत्तरे वीसपासून ऐंशीपर्यंत पसरलेली निघाली. अमेरिकेच्या हवामान खात्यात ग्लेन ब्रायर यांनी १९५०मध्येच अशा अंदाजांना गुण देण्याची रीत मांडली होती: पाऊस पडण्याची शक्यता ०.७ सांगितली आणि पाऊस पडला तर फरक ०.३, त्याचा वर्ग ०.०९, आणि अशा वर्गांची सरासरी जितकी कमी तितका अंदाज करणारा चांगला. ही रीत अमेरिकी गुप्तवार्ता क्षेत्राने स्पर्धेच्या रूपाने पद्धतशीरपणे वापरायला २०११ साल उजाडावे लागले. म्हणजे अतींद्रिय पथकाला जो निकष लावून अपात्र ठरवले तो निकष नेहमीच्या विश्लेषकांनी सहा दशके टाळला होता, आणि एवढ्यावरून अतींद्रिय पथक पात्र ठरत नसले तरी त्याला घरी पाठवणाऱ्यांच्या टेबलावरही ब्रायरची वही नव्हती, हे नमूद करणे न्यायाचे आहे. दूरस्थ दर्शन करणाऱ्याला त्याच्या प्रत्येक विधानामागे किती खात्री आहे हे आकड्यात सांगायला लावले असते तर निदान एवढे कळले असते की त्याला आपले बरोबर येणारे विधान चुकणाऱ्यापासून वेगळे ओळखता येते की नाही. आणि हेरखात्याच्या दृष्टीने, शक्ती खरी असो वा नसो, कामाचा प्रश्न तोच आहे, कारण दहांतले एक खरे आहे पण कोणते ते माहीत नाही, अशा माहितीवर कुणी दार फोडायला पथक पाठवत नाही.

२०१७च्या जानेवारीत सीआयएने लाखो पानांचे जुने दप्तर इंटरनेटवर खुले केले आणि त्यात स्टारगेटची कागदपत्रेही आली. त्या पानांवरून उशिराने का होईना एक डेटाबेस तयार करण्याचा मोह होणे साहजिक आहे, आणि त्यातील काही रकाने अजूनही भरता येतील: विधाने सुटी करता येतील, ज्या प्रकरणांचे सत्य आज ठाऊक आहे तेथे फसवे पर्याय नव्याने रचून अनभिज्ञ परीक्षकांना बसवता येईल, आणि मूळ प्रमाण तर कोणत्याही वर्षी काढता येते. ज्या कागदांवर मागाहून मजकूर बदलला गेला तेथे निदान टंकलेखनाचे दोन मसुदे एकमेकांशेजारी मांडता येतील, दोन्ही जपून ठेवलेले असतील तर. पण एखाद्या विशिष्ट दुपारी, बंद खोलीत, प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्याने वर्णन करणाऱ्यापुढे नकाशाचा कोणता भाग नजरेत राहू दिला आणि कोणत्या उत्तरावर तो क्षणभर अधिक थांबला, हा रकाना त्याच दुपारी भरायचा होता, आणि तो रिकामा आहे.